दहानं भागायचं होतं

ओउलू शहरातल्या ऑफिसात आकडेमोडीत वेइयोचा हात धरणारा कुणी नव्हता; निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तरी तसं होतं. म्हणूनच आउलिक्की मावशीनं त्याला बोलावून घेतलं होतं. नेटवर्कवालाच भाचा घरात असताना परक्याचे पाय कशाला धरायचे?

तिच्या नवऱ्याला, तौनो काकाला, जाऊन पाच वर्षं झाली होती. अठ्ठावीस वर्षं तो कुइवाकारी बेटावर जायचा. हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून चालत, वाटेत भोक पाडून बर्फाची जाडी मोजायची आणि बेटावरच्या हवामानाच्या यंत्रात, वर्षभराच्या वारा-तापमानाच्या नोंदींसोबत, तो आकडा टाइप करायचा. मार्च २०१४मधल्या एका दुपारी परत येताना तो बर्फातून खाली गेला. एवढा जाणता माणूस बुडतोच कसा, असं गाव मावशीच्या पाठीमागे कुजबुजत राहिलं. त्या हिवाळ्यात तो घुम्यासारखा गप्प होता, हे तर तिनंच पाहिलं होतं. तिला एकच आकडा हवा होता, त्या दिवसाचा. तीस सेंटिमीटर असेल तर अपघात. आठ-दहा असेल, तर माहीत असूनही तो त्याच वाटेनं परत निघाला होता.

यंत्र केव्हाच मेलं असेल, असं ती समजून चालली होती. मागच्या आठवड्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं: बेटाची टेलिफोनची तार आणि वीज सोमवारी संध्याकाळी सहाला कायमची बंद. म्हणजे यंत्र अजून जिवंत होतं! पण त्याची बॅटरी तौनो असतानाच संपलेली, वीज गेली की पोटातलं सगळं पुसलं जाणार. एप्रिल संपत आलेला, बर्फ कुजलेला. माणसाला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. राहिला फक्त फोन, आणि तौनोचा कपाटातला जुना मोडेम.

सोमवारी सकाळी सात वाजता वेइयोनं नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, बेटानं उत्तर दिलं. मावशीनं तोंडावर हात दाबून धरला.

"सेकंदाला बाराशे बिट," वेइयो हसला. "माझ्या ऑफिसच्या नेटवर या सगळ्याला अर्धा सेकंदही लागला नसता. इथे आठ तास."

"मधलं सोडून शेवटचंच मागव ना रे."

"हे यंत्र पहिल्यापासून ओळीनंच देतं, मावशी. पण घाई काय? नऊला सुरू केलं तरी पाचला संपतं. आईचा साडेआठचा फोन येऊन जाऊ दे, नाहीतर लाइन लागत नाही म्हणून ती ॲम्ब्युलन्स पाठवेल."

"तुझी आई ना? पाठवेलच."

मग कॉफी झाली, वेलदोड्याचे पाव झाले. आईचा फोन आला, गुडघ्यांवर वीस मिनिटं बोलून झालं. बरोबर नऊला वेइयोनं बटण दाबलं.

एक वाजता निम्मं यायला हवं होतं. आलं होतं चाळीस टक्के.

"लाइन खराब दिसतेय," तो पुटपुटला.

मावशीनं चष्मा चढवला. "कितीनं भागलंस?"

"आठनं. आठ बिटचं एक अक्षर."

"अरे देवा! दहानं रे, दहानं! अक्षराच्या आधी एक बिट, आलो म्हणून सांगायला. नंतर एक, गेलो म्हणून. तौनो येईल त्याला हे ऐकवायचा."

वेइयोनं बोटांवर पुन्हा मोजलं. दहा तास. नऊ आणि दहा, सात वाजणार.

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"तू आठ तास म्हणालास. मी कशाला हिशेब तपासत बसू? तेवढ्यासाठीच तर बोलावलं तुला."

त्यानं मोबाइलवरून टेलिफोन कंपनीला गाठलं. एक तास, फक्त एक तास जास्त द्या. पलीकडची मुलगी गोड होती. तिनं तीनदा माफी मागितली. बंद करणं आपोआप होतं, तिथे कुणाचा हात नव्हता. तिच्या साहेबानंही तेच सांगितलं.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. दोघं पडद्यासमोर बसून राहिले. साडेपाचला २०१० साल चाललं होतं. तौनो तेव्हा चांगला हसता-बोलता होता. वेइयो मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता, आणि मावशी एकेक तारीख मोठ्यानं वाचत होती, जणू वाचल्यानं ती लवकर सरेल. सहाला मे २०११मधली एक ओळ अर्धी आली आणि मोडेमचा दिवा विझला.

वेइयोनं पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा. सातव्यांदा फिरवायला लागला तेव्हा मावशीनं त्याचा हात बाजूला केला.

"मावशी, तो अपघातच होता," तो रडवेला होऊन म्हणाला. "काका असं करणारच नाही. माझी खात्री आहे."

"सकाळीही होती," ती म्हणाली, आणि कपबशा विसळायला उठली.