तीन पाण्यांचं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे. सुती जाळं. तो 'सुती' शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

अराल समुद्राच्या काठी बेर्दिमुरात नावाचा कोळी राहायचा. त्याची बायको उल्झान नवी नवरी होऊन आली, त्या हिवाळ्यात तिनं मला विणलं. माझा एकेक डोळा, म्हणजे गाठींमधलं भोक, तिच्या चार बोटांएवढा. सूत कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात मला उकळलं आणि मी पाण्यात उतरलो. पंधरा हंगाम राबलो. एकदा उल्झानच्या उंचीचा शिप मासा मी धरून ठेवला. गावानं बेर्दिमुरातची पाठ थोपटली, आणि त्यानं माझी.

समुद्राच्या कडा गोठू लागल्या की मला कोठारात ठेवायचे. पण आधी तीन पाणी, म्हणजे गोड्या पाण्यात तीनदा धुणं. पहिलं माशांचा चिकटा काढायला, दुसरं मीठ काढायला, तिसरं नुसतं आभाराचं. मग सावलीत वाळवायचं, उंदीर लागू नयेत म्हणून घड्यांत रानदवण्याच्या कडू काड्या घालायच्या आणि आढ्याला टांगायचं. मिठासकट टांगलं तर सूत आतून मरतं. वरून कळतसुद्धा नाही.

मग समुद्र आटायला लागला. आपोआप नाही. ज्यांनी जन्मात एक मासा साफ केला नाही, त्यांनी कचेरीत बसून नद्या वळवल्या आणि कापसाला पाजल्या. आणि मी सुती! माझ्याच गोतानं माझा समुद्र पिऊन टाकला. ही लाज मी कुणाला सांगू?

पाणी आधी गावापासून हाकेवर गेलं, मग छपरावर चढूनही दिसेना. विहिरी खारट झाल्या. आठवड्याला एक टँकर यायचा.

एका शरदात मुलगा काय्सार कोठारात आला.

"बाबा, मी बाल्खाश तळ्यावर चाललो. तिथं अजून मासे आहेत. जाळं द्या."

"ते या पाण्याचं आहे," बेर्दिमुरात म्हणाला. "वसंतात समुद्र परत आला तर मी काय टोपीनं मासे धरू?"

"समुद्र काय रुसून माहेरी गेलाय, समजूत काढली की यायला?"

"तोंड आवर!"

काय्सार रिकाम्या हातानं गेला. मी आढ्यालाच राहिलो.

त्यानंतर दर शरदात बेर्दिमुरात मला खाली काढायचा. समुद्राच्या कोरड्या तळावरून पांढरी धूळ उडायची, फटीफटीतून आत यायची, माझ्या गाठींत बसायची. ती धूळ म्हणजे मीठच.

"अगं, जरा पाणी दे याला," तो म्हणायचा.

"चहाला ठेवू की जाळ्याला देऊ?"

"एकच पाणी दे."

"एक दिलं की दुसरं मागाल. तुम्हाला काय आज ओळखते मी?"

तो हसायचा, हातानं धूळ झटकायचा, ताजा दवणा घालून मला टांगायचा. अशी अकरा वर्षं. आत काय होतंय ते मला कळत होतं. बोलता येत नव्हतं.

अकराव्या हिवाळ्यात बेर्दिमुरात गेला. जमीन इतकी गोठली होती की कबर खणायला आधी वर शेकोटी पेटवावी लागली. काय्सार आला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, बर्फ वितळलं, तो परत निघाला तेव्हा उल्झान म्हणाली, "जाळं घेऊन जा. आता अडवणारा राहिला नाही."

तिनं मला काथवटीत ठेवलं आणि घरातलं सगळं पाणी आणलं.

"आई, पुढचा टँकर येईपर्यंत पिणार काय?"

"तू गप रे! तीन पाण्यांशिवाय या घरातून जाळं हललेलं नाही."

पहिलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. दुसरंही. अकरा वर्षांनी मी भिजत होतो, मित्रांनो! तिसरं पाणी पडलं. काय्सारनं मला दोन्ही टोकांना धरून उचललं.

मी फाटलो. माझ्याच ओल्या वजनानं, मधोमध. आवाजही झाला नाही.

उल्झाननं माझी फाटलेली कड बोटांनी चाचपली. "एक पाणी द्यायला हवं होतं मी त्यांना," ती म्हणाली.

काय्सारनं दाराबाहेर पाहिलं. तिथं नजर जाईल तिथवर पांढरी जमीन होती. "आई, तुझी बादली नव्हती गं कमी पडली."

मित्रांनो, वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मला जपलं होतं की! पण जाळं आढ्याला टांगता येतं, समुद्र टांगता येत नाही. म्हणून तुमच्या गावची नदी कुणी वळवत असेल तर कुणाला विचारून वळवता, हे त्याला तोंडावर विचारा. लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. इथं मोठेच गप्प बसले होते.

काय्सार निघताना उल्झाननं माझा एक डोळा कापून त्याला दिला, नव्या जाळ्याच्या मापासाठी. उरलेला मी गवताच्या गंजीवर बांधलेला आहे, वाऱ्यानं गवत उडू नये म्हणून. गवत धरायला चार बोटांचं माप लागत नाही.