पंपाला वाहिलेल्या अक्षता

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या महांतेश सरांना मोटारसायकलीतलं इतकं कळायचं, की ते येताना दिसले की कोल्हापूरचे फिटर चहाला सटकायचे. वडिलांची, बसलिंगाप्पांची, अठ्ठावन्न सालची गाडी सर जिवापाड जपत. तिच्यावरचं त्यांचं भाषणही ठरलेलं होतं. "ऑइल पंप म्हणजे इंजिनाचं काळीज. तो थांबला की पिस्टन जाम!" म्हणून वडिलांनी एक नियम घालून दिला होता. गाडी सुरू करायची, तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचं आणि आत तेलाची धार परत पडताना दिसली तरच निघायचं.

तरीही गाडी कशा ना कशानं बंद पडायचीच. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात जोतिबाच्या चढावर दानेश्वरीबाईंना ती दुसऱ्यांदा ढकलावी लागली, तेव्हा बाईंनी निकालच दिला.

"आता एकदा जरी वाटंत थांबली, तर भंगारात. सांगून ठेवते की!"

बायकोचा शब्द फिरत नाही, हे सरांना पंपापेक्षा जास्त कळत होतं.

खंडेनवमीला सरांनी गाडी लख्ख घासली. बाईंनी कुंकवात लाल केलेल्या अक्षतांची वाटी दिली. लोक हँडलवर अक्षता टाकतात. सरांना वाटलं, हँडलला काय पुजायचं? खरा देव आत आहे. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि पंपाचं स्मरण करून मूठभर अक्षता वाहिल्या. बऱ्याचशा बाहेर पडल्या. डोळे मिटलेल्या माणसाला उरलेल्या कुठं गेल्या ते कसं दिसणार? मग त्यांनी झाकण लावलं आणि त्यावर सुरेख स्वस्तिक काढलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला कोडोलीला, सासुरवाडीला जायचं होतं. गाडी सुरू झाली. झाकणाला हात लावला असता, तर स्वस्तिक पुसलं असतं. आजच्या दिवस राहू दे, असं म्हणून सर बाईंना मागं बसवून निघाले.

कोडोली तीन किलोमीटरवर असताना इंजिन किंचाळलं, मागचं चाक जागच्या जागी आवळलं आणि दोघं गाडीसकट उसाच्या बांधाला जाऊन टेकले. लागलं कुणालाच नाही. बाई उठल्या, पदर झटकला आणि गाडीकडं न बघताच माहेरच्या दिशेनं चालू लागल्या. तेच सरांना जास्त लागलं.

मेहुण्याच्या ट्रॅक्टरमधून गाडी कोडोलीत गेली. दुसऱ्या दिवशी गणपतराव फिटरनं इंजिन उघडेपर्यंत सर तेलातल्या भेसळीवर तावातावानं बोलत होते. गणपतरावानं पंपाच्या दातऱ्यांतून काहीतरी उकरून तळहातावर घेतलं.

"सर, पंपाला जेवाय घातलंय व्हय?"

बाई वाकल्या. "ह्या तर माझ्याच अक्षता!"

सरांचं भाषण तिथंच आटलं. चाळीस वर्षं बापानं आणि आपण जपलेलं इंजिन आपणच भक्तीनं मारलं, या विचारानं त्यांना रडू आलं. गणपतरावासमोरच आलं.

"विका," ते कसेबसे म्हणाले.

"गाडीची काय चूक न्हाय," बाई म्हणाल्या. "ती ऱ्हाईल. पूजा मातर तुमच्याकडनं काढली."

पुढच्या खंडेनवमीला दुरुस्त झालेल्या गाडीपासून सरांना चार हात लांब उभं केलं होतं. बाईंनी हँडलला कुंकू लावलं, तेवढ्यापुरतं सरांना जवळ बोलावून गाडी सुरू करायला लावली आणि स्वतः झाकण उघडून आत डोकावल्या.

"धार पडतीया," असं म्हणून त्यांनी झाकण घट्ट बसवलं आणि मगच सरांच्या हातावर चार अक्षता ठेवल्या. सरांनी त्या मुकाट्यानं स्वतःच्याच डोक्यावर टाकल्या.