चष्म्याशिवाय ओवलेली सुई

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो कोणत्याही चष्म्यावर येऊ नये. चष्मा फुटतो, हरवतो, कोणी त्याच्यावर बसतो. ते तर आम्हा सगळ्यांच्या कपाळी लिहिलेलेच असते. पण मालकीण बरी झाली म्हणून चष्मा घरी बसला, असे कधी ऐकले आहे का?

एका कारागिराने चाकावर पाणी सोडत माझी भिंगे घासली, कडा तासल्या, तपकिरी फ्रेममध्ये बसवली, आणि न्हाऊ घातलेल्या बाळासारखे मला मऊ कापडाने टिपले. तिथून मी गेलो ते थेट एका रफूवाल्या बाईंच्या नाकावर. त्याच माझ्या मालकीण.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे हं. फाटल्या जागी धागा धागा विणून कापड पुन्हा जन्माला घालायचे, असे की कपड्याच्या मालकालाही भोक सापडू नये. त्यासाठी दोरा बाजारातून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायचे आणि त्यांनीच त्याची जखम भरायची. मालकीण देवाचे नाव घेत कामाला बसत. काळ्यावर काळे विणायचे असले की मला फुंकर मारून पुसत आणि म्हणत, “चल बाबा, तुझ्यावाचून माझं काही खरं नाही.” हे ऐकून मी नाकावर जरा ताठ बसत असे.

मग ती सकाळ उजाडली. मालकीण मला घालायला विसरल्या, सुई उचलली, आणि दोरा पहिल्या झटक्यात आरपार. मी टेबलावर पडून पाहत होतो. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

“सूनबाई, इकडे ये गं.”

“आई, चष्मा कुठाय तुमचा?”

“तो काय, तिथे पडलाय. मी अशीच ओवली.”

दुपारी मालकिणींच्या नणंदबाई आल्या. त्यांनी सुई उलटसुलट करून पाहिली. “वहिनी, तुमचं वय उलटं चाललंय. आता दुधाचे दात आले की कळवा.”

“येतील, वन्सं, येतील. पहिला चावा तुम्हालाच.”

घरभर हसू झाले. मालकिणींनी हात जोडले, “देवानं दिलेलं देवानं परत दिलं,” म्हणाल्या, आणि मला बटणांच्या खणात ठेवले. मी रडलो असतो, पण आम्हाला डोळे पुसायला कोण आहे? तो खण कधी पुरता बंद होत नसे, तेवढीच देवाची कृपा. त्या फटीतून मला सगळे दिसे आणि ऐकू येई.

आता पुढचे ऐका. मालकीण म्हणू लागल्या, दिवा पिवळा पडलाय, बदला. दिवा बदलला, तरी पिवळाच. उन्हात गेल्या की डोळे दिपत. एकदा नणंदबाई फणफणत आल्या, “काल रस्त्यात तुमच्याकडे बघून हसले मी. तुम्ही नाक वर करून निघून गेलात. मी काय विजेचा खांब आहे?” मालकिणींनी शपथा घेतल्या की आपण त्यांना पाहिलेच नाही. घरातल्या कुणीही एका गोष्टीचा धागा दुसरीला जोडला नाही.

एके दिवशी व्हायोलिन वाजवणारे एक गृहस्थ काळा कोट देऊन गेले. रोज तारांवर गज ओढून कोटाचे कोपर विरले होते. मालकिणींनी ते विणले. गृहस्थ कोट घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले.

“बाई, काल मंचावर माझ्या शेजारच्यानं विचारलं, कोपरावर शाई सांडली का?”

“साहेब, तुमच्याच कोटाच्या दुमडीतला धागा आहे. काळ्यात काळा.”

सूनबाईंनी कोट दाराशी उन्हात नेला. कोपर उलटसुलट करून पाहिले.

“आई, हा निळा आहे.”

“काळा आहे.”

“आई, निळा आहे. टेबलावर ती गडद निळी पॅन्ट होती ना, तिच्या दुमडीतला.”

खणात माझ्या काड्या थरथरल्या. दुसऱ्याच्या कपड्यातून धागा उपसला! रफू करणाऱ्याच्या हातून आणखी काहीही होईल, पण हे नाही. मालकिणींनी कोट नाकाशी धरला, दूर धरला, पुन्हा नाकाशी धरला. मग हातातली सुई हळूच सुयांच्या गादीत टोचून ठेवली आणि म्हणाल्या, “म्हणजे माझं काम संपलं.”

सूनबाईंनी त्याच संध्याकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले, आणि जुना चष्मा हवा म्हणून मलाही पर्समध्ये टाकले. नणंदबाई न बोलावता आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, या चष्म्यासारखं एक भिंग डोळ्याच्या आतही असतं. वयानं ते गढूळ होतं, पिवळट होतं, मग दिवा पिवळा दिसतो आणि गडद निळं काळं वाटतं. तोच मोतीबिंदू. काहींचं ते आतून घट्ट होत जातं, आणि मग काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं, दूरचं मात्र अंधूक होतं. लोकांना वाटतं डोळे सुधारले.”

“म्हणजे सुई...”

“सुई मोतीबिंदूनं ओवली, मावशी.”

मी तर सुन्न झालो. ज्या दिवशी सारे घर हसले, त्या दिवशी आजार घरात पाऊल टाकत होता, आणि आम्ही त्याचेच स्वागत केले होते.

आता गढूळ भिंग काढून तिथे नवे बसवायचे होते. कोणते, ते मालकिणींनी ठरवायचे. दूरचे घेतले तर रस्ता स्वच्छ दिसेल, पण सुईला चष्मा लागेल. जवळचे घेतले तर उलट.

“एकात सगळं दिसणारंही असतं म्हणे,” नणंदबाई म्हणाल्या. “वहिनी, तेच घ्या. आमच्या शेजारणीनं घेतलंय, खूश आहे.”

“शेजारीण काय काम करतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“काम कसलं, दिवसभर गप्पा.”

“मग त्यांना ते छान. पण त्यात काहींना दिव्याभोवती कडी दिसतात, आणि अंधूक उजेडात बारीक फरक जरा फिके पडतात. काळ्यावर काळं विणणाऱ्याला ते जड जाईल.”

मी मनात देवाचा धावा करत होतो, दूरचे म्हणा, दूरचे म्हणा. मग मालकिणींना माझी पुन्हा गरज लागली असती.

मालकिणींनी रुमाल काम करतात तितक्या अंतरावर धरला. “मला इथलं दिसू दे. रस्ता चष्म्यातून बघेन.”

त्यांचे बरोबर होते. पण माझा निकाल लागला होता.

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी निघाल्यावर मालकिणींनी आधी घरी ठेवून घेतलेला तो कोट मागितला. कोपर पाहिले आणि खालीच बसल्या. “अगंबाई, केवढा निळा गं हा. आणि मी भांडत होते.” मग त्यांनी ती वीण उसवली, कोटाचाच धागा उपसला आणि नव्याने विणायला घेतले. कोपर कुठे विरले होते, ते शेवटी मलाही सांगता येईना.

आणि मी? सूनबाई मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने माझी भिंगे काढली, तेव्हा मला वाटले, झाले, सरले सारे. पण त्याने त्याच फ्रेममध्ये दुसरी भिंगे बसवली, दूरची. मालकिणींनी मला नाकावर चढवले आणि आम्ही दारात आलो. मित्रांनो, मी जन्मभर फक्त धागा पाहिला होता. समोर झाडाचे पान न् पान वेगळे होते, तारेवरच्या पक्ष्याला चोच होती. मी जागीच थिजलो.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचा चष्मा अचानक सुटला, तर आनंद जरूर करा, पण त्यांचे डोळेही दाखवून या. आणि नवे भिंग निवडताना, तुम्ही रोज हाताने काय करता, ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

आता मला निघू द्या. मालकीण चपला घालताहेत, आणि रस्त्याच्या टोकाला काय आहे ते आम्हा दोघांनाही अजून पाहायचे आहे.