गप्प बाईची सुनावणी

मी एक जुनं बाकडं आहे, मित्रांनो. धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीच्या दाराबाहेरचं. चिंधा सुतारानं मला सागाच्या फळ्यांतून घडवलं, तीन माणसांसाठी. बसली कायम सहा. त्याची माझी तक्रार नाही. दाराआडून जे ऐकलं, त्याची आहे.

१९८७ साली जमनाबाई माझ्यावर येऊन बसली. सरहद्दीपलीकडची, सिंधमधली. तिच्या नवऱ्याला तिथल्या जमीनदाराच्या माणसांनी मारलं. ती जीव घेऊन इथं आली आणि आसऱ्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला, तर तिला परत त्यांच्याच तोंडी द्यायचं होतं.

आत साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प.

"नावच माहीत नाही? मग मेला कोण?" साहेब हसले, मग सगळी कचेरी हसली.

तिची शेजारीण भिकुबाई दारातून म्हणाली, "भाऊ, आम्ही बी धनीनं नाव लेतस नही. मी सांगस ना."

"अक्का, अर्ज तुझा आहे का?" शिपायानं दरडावलं. "बस खाली."

अर्ज फेटाळला. कारण काय, तर बाई माहिती लपवते! अरे, साहेबांच्या आईनं तरी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं होतं?

जमनाबाईच्या वतीनं अभिमन वकील हायकोर्टात गेले. परतल्यावर माझ्यावरच बसून त्यांनी निकाल समजावला.

भिकुबाईनं विचारलं, "मंग, आसरा भेटना का?"

"नाही अक्का. तो द्यायचा की नाही, हे कोर्टानं ठरवलं नाही. कोर्ट म्हणालं, बाई खरं बोलते की खोटं, ते नंतर. तिला आधी बोलू तर द्या. ती गप्प का, हे कुणी विचारलंच नाही. नकार रद्द. दुसऱ्या साहेबांनी पुन्हा ऐकायचं, तिचं माणूस जवळ बसवून."

"म्हणजे जितनूत काय?"

"जिंकलो ती बोलायची पाळी."

पुढच्या खेपेला भिकुबाई आत बसली. मेलेल्याचं नाव तिनं सांगितलं. मग जमनाबाईचं तोंड उघडलं, ते दुपार कलली तरी मिटलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही. महिन्याभरात तिला राहण्याचा परवाना मिळाला.

आज मी मागच्या अंगणात पडलोय, एक पाय मोडून. बाहेर बसलेले लोक फार बोलतात म्हणून मला हलवलं म्हणे. हलवा. माझा पाय जोडा असंही मी म्हणत नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी त्या खुर्चीवर बसेल. नकार द्यायचा तर खुशाल द्या. फक्त समोरचं माणूस गप्प असेल, तर ते का गप्प आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नका.