सातव्या प्रश्नाचं उत्तर

सृष्टी खरात गणितात हुशार होती, यात तिचा काही दोष नव्हता. मंगळवेढ्याच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यातली खरातवाडी म्हणजे झाडून सगळी धनगरांची घरं, आणि त्या घरांतून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला बाकीची पोरं बेडकाच्या हाडांची नावं पाठ करत, तेव्हा ही वहीच्या मागच्या पानावर समीकरणं सोडवत बसे. महानंदा मॅडमच्या ते नजरेला आलं आणि त्यांनी तिला आपल्या हाताखाली घेतलं. मॅडमचा विषय मोठा गमतीचा होता. रानातल्या जनावरांचं खाणं, जन्म, मरण, सगळं आकड्यांत मांडायचं आणि कॉम्प्युटरला विचारायचं, की बाबा रे, पुढच्या वीस वर्षांत यांचं काय होईल? कॉम्प्युटर रेषा काढून सांगे. याला मॉडेल म्हणत.

पहिले सहा महिने सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. एका विसरलेल्या कंसापायी अख्खी दुपार वाया जाई. मग एके दिवशी पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक सशांची, एक लांडग्यांची. ससे वाढले की मागोमाग लांडगे वाढत, लांडगे वाढले की ससे घटत, आणि खायला उरलं नाही की लांडगेही खाली येत. सृष्टीला इतका आनंद झाला, की तिने तिथूनच वडिलांना फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

तिचे वडील येडू खरात. वाडी त्यांना आप्पा म्हणे, आणि लेकही आप्पाच म्हणे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं हाय. पर एवडं शिकाया सोलापूरला जावं लागतंय व्हय?"

ती किती तरी वेळ हसत होती. तेव्हा ती अशी सहज हसायची.

पुढच्याच वर्षी एक मोठं काम चालून आलं. खरातवाडी आणि शेजारच्या तीन गावांमध्ये मिळून एक लांबरुंद माळ होता. त्यावर अकरा लांडगे होते आणि बेचाळीस घरांची मेंढरं चरत होती. माळाच्या संवर्धनासाठी एक प्रकल्प निघाला होता, आणि प्रकल्पवाल्यांना एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. पाच वर्षं चराई बंद केली, तर लांडगे वाढतील की घटतील? मॅडमनी काम सृष्टीच्या हवाली केलं. माळ तिचा, माणसं तिची. तिच्याइतकं योग्य दुसरं कोण मिळणार होतं?

सृष्टीने बारा प्रश्नांचा एक फॉर्म तयार केला आणि घरोघर फिरली. पहिला फॉर्म घरचाच. आप्पा वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत बसले होते. ही गळ्यात ओळखपत्र अडकवून समोर बसली, तेव्हा आई, बनाबाई, पदर तोंडाला लावून हसू दाबत होती.

"आप्पा, सातवा प्रश्न," सृष्टी म्हणाली. "गेल्या सालात लांडग्यांमुळं आपलं नुकसान किती झालं? मेंढ्या किती, कोकरं किती?"

"नुसकान?" आप्पांनी मान वर केली. "न्हाय."

"येक कोकरूबी न्हाय?"

"नुसकान न्हाय झालं, बाय. देवाच्या किरपेनं न्हाय."

तिने रकान्यात शून्य लिहिलं. पुढच्या घरी बजाबाईंनी न्हाय म्हटलं, त्याच्या पुढच्या घरीही न्हाय. बेचाळीस घरं फिरून झाली आणि सातव्या प्रश्नापुढे बेचाळीस शून्यं जमा झाली.

महानंदा मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा चाळला, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सगळेच शून्य? लांडगा आणि मेंढरं एका माळावर, आणि एकही कोकरू जात नाही? पुन्हा एकदा विचारून ये."

"मॅडम, मी त्यांच्यातलीच आहे," सृष्टी म्हणाली. "परक्या माणसाला ते काहीही सांगतील. माझ्याशी खोटं बोलणार नाहीत."

आणि खरं सांगायचं तर कुणीच खोटं बोललं नव्हतं. मॅडमना काय, त्यांचं सगळं आयुष्य सोलापूर शहरात गेलेलं. त्यांनी धनगराच्या लेकीवर भरवसा ठेवला.

मॉडेलला एकदा शून्य दिलं, की ते शून्यच धरून चालतं. त्याला शंका येत नाही. अकरा लांडगे जगतायत, मेंढरं खात नाहीत, म्हणजे सगळे ससे-उंदरांवर आणि काळवीटांवर जगतात, असं त्याने मानलं. मेंढरं गवत संपवतात म्हणून ससे कमी. मेंढरं हटवली की गवत वाढेल, गवतामागे ससे, सशांमागे लांडगे. रेषा सरळ वर चढत गेली. पाच वर्षांत अकराचे एकोणीस. सृष्टीच्या अहवालाला प्रकल्पाच्या बैठकीत टाळ्या पडल्या. तिने ग्रामसभेतही ती रेषा पडद्यावर दाखवली, आणि सांगितलं, की पाचच वर्षांचा प्रश्न आहे, मग गुडघाभर गवतात तुमचीच मेंढरं चरतील. लोक कुरकुरले. आप्पा मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय. ती म्हनती तर बरंच आसंल की." ते म्हणाले म्हणून बाकीचेही गप्प बसले.

माळाभोवती तारेचं कुंपण झालं. पाच वर्षं हा शब्द बोलायला सोपा असतो. मेंढराला रोज सकाळी उठून चरायला लागतं. काही घरांनी कळप घेऊन लांबची वाट धरली, बऱ्याच जणांनी विकून टाकले. आप्पांनी पावसाळ्यापर्यंत तग धरला, मग सांगोल्याच्या बाजारात एकशेदहा मेंढरं विकली आणि बाजारातून घरी यायच्या ऐवजी दिवसभर एस.टी. स्टँडवरच बसून राहिले. पुढे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यावर त्यांना वॉचमनचं काम लागलं. आयुष्यभर उघड्यावर राहिलेला माणूस पत्र्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसू लागला. बनाबाई आणि ते जवळच एका खोलीत राहत. सृष्टीला वाईट वाटे, पण तिची अजून त्या रेषेवर श्रद्धा होती.

वर्षभराने माळावरच्या कॅमेऱ्यांतले फोटो आले. अकराचे सात झाले होते. त्यांतली एक मादी इतकी खंगलेली, की तिच्या बरगड्या मोजाव्यात. सृष्टीला वाटलं, आपल्या कोडमध्ये कुठे तरी खोट आहे. आठवडाभर तिने ओळ न ओळ तपासली. खोट सापडेना, कारण ती तिथे नव्हतीच.

त्या रविवारी दुपारी ती आप्पांचा डबा घेऊन कारखान्यावर गेली. आप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "लांडगं किती हायेत आता?"

"सात."

"आकरा व्हती." आप्पांचा घास हातातच राहिला. "उपाशी मरत आसत्याल. मेंढरंच न्हाईत म्हनल्यावर त्यास्नी वाटा कोन देनार?"

"कसला वाटा?" तिने विचारलं.

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. रागाने नव्हे, नवलाने. "कसला म्हंजी? कोकराचा."

सृष्टीला एकदम आठवलं. ती सहा वर्षांची असताना तिने एक पांढरं कोकरू बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. एका पहाटे ते दिसेना. तिने रडून गोंधळ घातला, तेव्हा बनाबाईने तिला उचलून घेतलं आणि सांगितलं, "रडू न्हाय. त्याचा वाटा व्हता, त्यानं न्हेला." आप्पांनी लांडगा गेला त्या दिशेला चिमूटभर भंडारा उधळला, आणि त्या दिवसानंतर घरात कुणी त्या कोकराचं नाव काढलं नाही. अशीच रीत होती. वाट्याचं बोलायचं नाही, कुणापाशी रडायचं नाही, आणि मोजायचं तर मुळीच नाही. मोजलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. सोलापूरला येऊन चार वर्षांत ती ते इतकं साफ विसरली होती, की फॉर्म लिहिताना एकदाही आठवलं नाही.

"आप्पा, तुमीच म्हनलासा, नुकसान न्हाय म्हनून!"

"मग? वाट्याला नुसकान म्हनत्यात व्हय? भनीला साडीचोळी केली, तर नुसकान झालं म्हनतो का आपुन?"

"पर मला सांगायचं तरी."

"आता तुला काय सांगायचं?" आप्पा अगदी साधेपणाने म्हणाले. "तू घरातलीच की. तुला ठावं नसंल, हे माज्या ध्यानात कसं यावं?"

ती केबिनच्या पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. आप्पांना कळेना काय झालं. मग तिने सगळं सांगितलं. शून्यामुळे काय झालं, रेषा वर का गेली, कुंपण का घातलं गेलं, मेंढरं का विकावी लागली. सांगताना तिला वाटत होतं, आता एक मुस्कटात बसावी. आप्पा खालमानेने ऐकत राहिले.

"मला आकडा लागतोय, आप्पा," ती शेवटी म्हणाली. "त्या सालात किती गेली, त्यो."

"मोजत न्हाईत गं ते."

"ठावं हाय. तरी सांगा."

आप्पांनी हात धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. "मोरी मेंढीचं पैलं," ते म्हणाले. "श्रावनात. मग त्या तुटक्या कानाच्या मेंढीचं, दोन येकदमच. बांडीचं येक, ते आंधळंच जलमलं व्हतं..." असं एकेक आठवत ते नवावर येऊन थांबले. डोळे उघडले तेव्हा पाणावलेले होते. जन्मभर पाळलेली रीत त्यांनी लेकीसाठी मोडली होती, आणि ते दोघांनाही कळत होतं.

मग सृष्टीने पांगलेली बेचाळीस घरं पुन्हा गाठली. या खेपेला फॉर्म नव्हता. बजाबाईंकडे ती दोन दिवस मुक्कामाला राहिली, चुलीपुढे बसून नुकसानीचं नाव न घेता वाट्याचं विचारलं, आणि म्हातारीने बोटांवर मोजून बारा सांगितली. सगळी मिळून तीनशे एक्क्याऐंशी झाली. माळावरच्या लांडग्यांचं निम्म्याहून अधिक जेवण मेंढपाळांच्या ताटातून येत होतं. तिने नवा आकडा घातला, मेंढरांची जागा रिकामी ठेवली आणि मॉडेल चालवलं. ससे थोडे वाढले, पण पुरे पडले नाहीत. लांडग्यांची रेषा उतरत गेली आणि चौथ्या वर्षी तळाला टेकली. कुंपणाला एक वर्ष उलटून गेलं होतं.

मॅडम स्वतः तिच्याबरोबर प्रकल्पाच्या कार्यालयात आल्या. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

"हा आधीचाही तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"त्यात शून्य आहे. यात तीनशे एक्क्याऐंशी. आधी काहीच नुकसान नाही म्हणणारी माणसं कळप विकल्यावर एवढा आकडा सांगायला लागली, तर वर काय म्हणतील? भरपाईसाठी बोलतायत म्हणतील."

"चूक माझी आहे, सर. त्यांची नाही. मी विचारलंच चुकीचं."

"मला पटतं हो. पण आदेश पाच वर्षांचा आहे. चार वर्षांनी आढावा होईल, तेव्हा हे नक्की ठेवू." त्यांनी अहवालावर आवक क्रमांक घातला आणि तो फाइलमध्ये लावला. मॅडमनी पुष्कळ वाद घातला. सृष्टीची नजर त्या फाइलवर होती. पहिल्या अहवालाच्या वेळी हीच फाइल किती पटकन हलली होती, ते तिला आठवत होतं.

संध्याकाळी ती कारखान्यावर गेली. पाळी सुटत होती, बायका डबे घेऊन बाहेर पडत होत्या. आप्पा फाटकाशी उभे होते. गर्दी ओसरल्यावर ते तिच्याजवळ आले.

"काय म्हनलं सायब?"

"चार सालांनी बगतो म्हनलं."

"आन लांडगं?"

खोटं बोलावं असं तिच्या फार मनात आलं. सात आहेत, टिकतील की, एवढंच म्हणायचं होतं, आणि आप्पांनी विश्वासही ठेवला असता. ग्रामसभेत ठेवला होता तसाच. त्या आठवणीनेच तिची जीभ अडली.

"तीन सालं," ती म्हणाली.

शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण हे गणित आप्पांना कुणी सोडवून द्यायला नको होतं.

"मंग सायब बगाय येतील," ते सावकाश म्हणाले, "तवा तितं कोन आसंल?"

"कुनीच न्हाय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी आप्पांनी टोपी सारखी केली आणि ते फाटक उघडायला गेले.