उत्पन्नाचा दाखला

मानेसरचा कारखाना दिवाळीतच बंद पडला होता, तरी दिनकर रोज सकाळी आठला डबा घेऊन दिल्लीच्या द्वारकेतल्या घरातून निघायचा. दिवसभर कुठल्याशा बागेत बसायचं आणि संध्याकाळी दमल्यासारखं परतायचं. एक तारखेला पीएफमधून काढलेले पैसे ‘पगार’ म्हणून बायकोच्या, प्रभाच्या हातावर ठेवायचे. मराठी मंडळाचा खजिनदार तो! झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी एकच म्हण त्यानं आयुष्यात पाळली.

लेक पद्मजाला फरीदाबादच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी डोळे पांढरे करणारी. तिनं सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला.

“बाबा, फक्त इन्कम सर्टिफिकेट आणा. स्कॉलरशिप नाही मिळाली तर सीट सोडावी लागेल.”

कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, अशी अट होती. पोरीनं अट वाचलेली दिसत नाही, असं दिनकरला वाटलं. पण नोकरी गेल्याचं खरं सांगितलं, तर तसा दाखला मिळण्यासारखा होता.

सांगायचं ठरवूनच तो कचेरीच्या रांगेत उभा राहिला. नोकरी गेल्याचं पत्र खिशात होतं. खिडकीशी पोचतो तोच मागून आवाज आला, “अरे वा, दिनकरराव! आज सुट्टी वाटतं?” मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव.

“क्या काम करते हो?” खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

“मानेसर में सुपरवाइजर हूँ जी,” दिनकर म्हणाला. बळवंतरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, आणि फाइलीतली जुनी पगाराची स्लिप पुढे सरकवली. पत्र खिशातच राहिलं. दाखल्यावर आकडा पडला चार लाख ऐंशी हजार.

महिन्याभरात अर्ज नामंजूर झाला. दिनकरनं घर डोक्यावर घेतलं. सरकारच्या नावानं बोटं मोडून झाली, तसा तो पद्मजावर घसरला, “तू तरी आधी अट वाचायचीस!”

“वाचली होती, बाबा. फॅक्टरी बंद झाल्याचं आम्हाला दिवाळीतच कळलं. म्हणून तर फॉर्म भरला.” तिचा आवाज चढलासुद्धा नाही. “वाटलं, निदान सरकारला तरी खरं सांगाल.”

त्यानं प्रभाकडे पाहिलं. ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली. दिनकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता त्याचा कुणाला उपयोग?

पुढच्या सोमवारी आठ वाजता सवयीनं त्याचा हात ओट्याकडे गेला. डबा पद्मजा बॅगेत भरत होती. कॉल सेंटरमध्ये तिचा पहिला दिवस होता.

“माझा डबा?” तो बोलून गेला.

“घरात एकच डबा आहे,” प्रभा म्हणाली. “आणि कामाला ती जातेय.”