गैरहजर मुलांचे घसे

"आ कर. अजून मोठा. जेवणात काय होतं ते मला इथून दिसलं पाहिजे."

मुलगा हसला आणि तेवढ्यात मी त्याच्या घशातून काडी फिरवून घेतली. या शाळेतली एक मुलगी कालपासून दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. तापाची साथ किती मुलांत पसरली आहे ते कळावं म्हणून तिच्या वर्गातल्या प्रत्येकाचा घसा तपासायचा, एवढंच माझं नर्सचं काम. पण निम्मे बाक रिकामे होते.

"बाकीचे कुठं गेले रे?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं, खोकला असेल त्यानं आज घरीच थांबायचं," तो म्हणाला. "तुम्ही येणार होता ना."

माझं डोकंच फिरलं. मोठ्या बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. साहेब येणार म्हणून भिंतींना रंग द्यावा, तशी तिनं माझ्यासाठी मुलं निवडून ठेवली होती. मी तडक तिच्या खोलीत गेले.

"ताई, हजर आहेत त्यांचे घेतलेस ना? झालं की मग."

"धडधाकट पोरांचे घसे घेऊन काय त्यांची गाणी ऐकू?"

"शाळा बंद झाली की पालक दाखले काढून नेतात. एका खोलीपासून उभी केलीय मी ही. तुला काय, तू जाशील पेटी उचलून."

"गैरहजर पोरांचे पत्ते दे."

"देणार नाही."

"नको देऊस. वर्ग देईल."

आणि वर्गानं दिले. कोण कुठल्या गल्लीत, कुणाच्या माडीवर, कुणाचं कुत्रं चावतं, सगळं एका आवाजात. फक्त शेवटचं घर त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

बर्फाची पेटी खांद्याला लावून मी दारोदार हिंडले. एक आई म्हणाली, "बाईंनी कुणाला सांगू नका म्हटलंय," आणि लेकराला माझ्यापुढे उभं केलं. शेवटच्या घराचं दार माझ्या बहिणीनंच उघडलं. घर तिचंच होतं; शाळेतून ती माझ्याआधी धावतपळत पोचली होती. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

"हिचं नको घेऊस."

"बाजूला हो."

"ताई, पाया पडते तुझ्या."

"पड. मग बाजूला हो."

भाची आपणहून पुढे आली आणि आ वासून उभी राहिली. तिला मावशीची गंमत वाटली. पण खोकल्यानं तिची मान ठरेना. मी काही बोलायच्या आत बहिणीनं तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

मी काडी बाटलीत घालून झाकण लावलं तेव्हा बहीण म्हणाली, "आता या घरात पाऊल टाकू नकोस."

"बरं," मी म्हणाले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण पुन्हा वेळ आली तरी मी तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अहवाल यायच्या आधीच, शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेर बहीण एकटी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "घरी न्या मुलांना. साथ आहे. माझीही मुलगी आजारी आहे." एक बाप आवाज चढवून दाखला मागत होता.

"शाळा उघडली की या. देईन," ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं मला पाहिलं, माझ्याकडे पाठ केली आणि पुढच्या आईला सांगायला लागली.